मोटारींतील मुनीम

लातूरच्या आडत बाजारांत दिवाळीच्या सुमारास, नवें सोयाबीन येऊं लागतें त्या दिवसांत, ज्यानें एकदां फेरफटका मारला असेल त्यास तेथील मुनिमाची मूर्ति विसरणें कठीण आहे. हा गृहस्थ स्वतः पोतें उचलीत नाहीं, कांट्यावर ठेवीत नाहीं, किंबहुना पुष्कळदां त्याकडे मान वळवून पाहतही नाहीं. मापाडी वजन पुकारतो तें त्याच्या कानीं पडतें. तो आंकडा वहींत मांडतो, भावाशीं गुणतो, पट्टी लिहितो आणि हमालांस पुढचा हुकूम सोडतो. सारा व्यवहार त्याच्या हुकुमानें चालतो. पण धान्याचा एक दाणाही त्याच्या हातास लागत नाहीं. सबब, मापाड्यानें वजन चुकीचें पुकारलें, तर मुनिमाचा गुणाकार अगदीं बिनचूक असूनही शेतकरी बुडतो. आणि बाहेर उभा असलेला मनुष्य शिव्या देतो त्या मात्र मुनिमास.

आज रस्त्यानें धांवणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत असा एक मुनीम बसलेला असतो. बोनेटखालीं किंवा चालकाच्या पायांजवळच्या कोपऱ्यांत, वहीएवढ्या चपट्या पेटींत त्याची बैठक असते. इंजिन सांभाळणाऱ्या पेटीस मिस्त्री लोक ‘ईसीएम’ म्हणतात. दारें, दिवे, वायपर व किल्ली यांचा कारभार पाहणारी आणि पुष्कळ गाड्यांत इतर पेट्यांस एकमेकींशीं जोडून देणारी जी मध्यवर्ती पेटी, तिला ते ‘बीसीएम’ म्हणतात. गाडीचा मालक या सर्वांस मिळून ‘कॉम्प्युटर’ असें म्हणतो, आणि त्यांत बिघाड झाला असें कोणी सांगितलें कीं हात जोडून उभा राहतो. हें हात जोडणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ही पेटी करते तरी काय, ती कोणाच्या सांगण्यावर चालते, आणि ती चुकली असें वाटल्यास दोष प्रथम कोठें शोधावा, एवढें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगूं इच्छितों.

पूर्वीच्या मोटारींत मुनीम नव्हता. १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत पहिली मारुति ८०० तिच्या मालकाच्या हातीं देण्यांत आली, तेव्हां त्या गाडींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करण्याचें काम कार्बोरेटर करीत असे. हवा एका अरुंद गळ्यांतून वेगानें जाई, तेथें दाब कमी होई, आणि पितळेच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल आपोआप ओढलें जाई. यांत विचार नव्हता. केवळ निसर्गाचा नियम होता. थंडीच्या सकाळीं चोक ओढावा लागे, उंच घाटांत मिश्रण बिघडे. पण एक पेचकस आणि एक तयार कान एवढ्या भांडवलावर मिस्त्री तें ठिकाणावर आणी. आमच्या मराठवाड्यांतील जुन्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या डिझेलवर चालत, आणि त्यांचा इंधनाचा पंपही दांत्यांवर व स्प्रिंगांवर चाले. यंत्र उघडलें कीं त्याचें काम डोळ्यांस दिसे, हा त्या काळचा मोठा गुण होय.

परंतु आपण काय जाळलें आणि कसें जाळलें, हें त्या यंत्रास कळत नसे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली कीं कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायु आणि न जळलेलें इंधन बाहेर पडतें. धूर शुद्ध करण्यासाठीं नळींत बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हें प्रमाण अगदीं जवळपास राखलें तरच आपलें काम नीट करतो. आणि इतकी काटेकोर मोजदाद पितळेच्या छिद्राकडून होणें शक्य नव्हतें. १९६७ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीनें विजेच्या हुकुमानें पेट्रोल शिंपडण्याची ‘डी-जेट्रॉनिक’ नांवाची योजना फोक्सवॅगन १६०० या गाडींत आणली. १९७० सालीं अमेरिकेंत हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा झाला. १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्वो गाडींत धुरांतील ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर बसला. आपल्या देशांत २००० सालीं युरोपच्या पहिल्या पायरीसारखे नियम देशभर लागूं झाले, आणि मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू निघून जाऊं लागला. १ एप्रिल २०२० रोजीं भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर तर खेड्यापाड्यांतील बहुतेक नव्या मोटारसायकलींतही हा मुनीम येऊन बसला. म्हणजे ही गोष्ट आतां केवळ श्रीमंतांच्या अंगणांतील राहिलेली नाहीं. दूध घालावयास जाणाऱ्या गवळ्याचीही ती झाली आहे.

आतां हा मुनीम क्षणोक्षणीं काय करतो तें पाहूं. त्याचे मापाडी म्हणजे सेन्सर. एक मापाडी इंजिनांत शिरणाऱ्या हवेचें माप सांगतो. दुसरा ॲक्सिलरेटर किती दाबला आहे तें सांगतो. तिसरा इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याची उष्णता, तर चवथा धुरांतील ऑक्सिजन सांगतो. सर्वांत महत्त्वाचा मापाडी क्रँकच्या दांड्यापाशीं बसतो. तेथें पुष्कळ गाड्यांत साठ दांत्यांच्या जागा असलेलें एक चाक असतें. पण दांते अठ्ठावन्नच असतात, दोन मुद्दाम वगळलेले असतात. एका दांत्यापासून दुसऱ्यापर्यंत सहा अंश. आणि मोकळी जागा आली कीं ती ‘येथून मोजावयाचें’ अशी खूण. या खुणेवरून दांडा कोठवर फिरला आहे हें मुनिमास बसल्या जागीं कळतें.

येथें थोडें गणित करूं. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास ५० फेरे झाले. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचा पन्नासावा भाग. चार सिलिंडरांच्या इंजिनांत तेवढ्या अवकाशांत दोन ठिणग्या पडाव्या लागतात; सेकंदास शंभर. चाकाचे दांते सेकंदास २,९०० वेळां मापाड्यासमोरून जातात. इतक्या घाईंत प्रत्येक वेळीं दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावा, आणि ठिणगी किती अंश आधीं टाकावी. गाडी जागच्या जागीं घुरघुरत असतां इंजेक्टर एका वेळीं दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी एकदां लवेपर्यंत असे कित्येक हुकूम देऊन झालेले असतात.

हे निर्णय मुनीम स्वतःच्या बुद्धीनें करतो, असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्याजवळ कोष्टकें असतात. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी लॉगॅरिथमचें कोष्टक वापरतात. उभ्या रांगेंत एक आंकडा, आडव्या रांगेंत दुसरा, आणि दोहोंच्या भेटीच्या घरांत उत्तर. नेमका आंकडा नसेल तर दोन घरांमधील फरक वांटून घ्यावयाचा. अगदीं तसेंच येथें चालतें. एका बाजूस इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार, आणि घरांत पेट्रोलचें किंवा ठिणगीचें उत्तर. हीं कोष्टकें अभियंत्यांनीं इंजिन चाचणीच्या मेजावर दीर्घकाळ चालवून, एकेक घर तपासून भरलेलीं असतात. ही विद्या परदेशांतून आली हें खरें, पण ती आतां परकी राहिलेली नाहीं. इंधन शिंपडणारीं यंत्रें नाशिकच्या बॉशच्या कारखान्यांत तयार होतात. आणि गाड्यांच्या धुराची व सुरक्षिततेची परीक्षा घेणारी, १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यासच आहे.

शिवाय मुनीम आपलें उत्तर ताडून पाहतो. धुरांतील ऑक्सिजन ओळखणारा जो साधा सेन्सर, तो मिश्रणांत पेट्रोल अधिक झालें तर सुमारें ०.९ व्होल्टपर्यंत दाब दाखवितो, आणि कमी झालें तर सुमारें ०.१ पर्यंत उतरतो. हा निरोप येतांच मुनीम पुढील मापांत किंचित् फेरफार करतो, पुन्हां निरोप ऐकतो, पुन्हां फेरफार करतो. शुद्धलेखनाची वही तपासून घेऊन दुसऱ्या दिवशीं त्याच चुका टाळणारा विद्यार्थी आम्हांस आवडतो. या पेटींत तो गुण आहे, आणि तो सेकंदांत अनेकवार प्रकट होतो.

इंजिनाचा मुनीम झाला. पण मोटारींत आतां एकच पेटी नसते. ब्रेकची वेगळी, हवेच्या पिशव्यांची वेगळी, स्टिअरिंगची वेगळी; आणि या सर्वांमध्यें मध्यवर्ती पेटी. पूर्वीं दिव्याच्या बटणापासून दिव्यापर्यंत स्वतंत्र तार जाई. सोयी वाढत गेल्या तशा तारा वाढल्या, आणि त्यांचा जुडगा मनगटाएवढा जाड होऊं लागला. हें संकट टाळण्यासाठीं बॉशच्या अभियंत्यांनीं १९८३ सालीं एका नव्या योजनेवर काम आरंभिलें आणि १९८६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें ती विद्वानांपुढें मांडली. तिचें नांव ‘कॅन’. योजना अशी, कीं सगळ्या पेट्यांस दोनच तारांनीं जोडावें. प्रत्येकीनें आपला निरोप त्या तारांवर पुकारावा, आणि ज्या पेटीस त्याची गरज असेल तिनें तो उचलावा.

या दोन तारा एकमेकींभोंवतीं पीळ देऊन नेलेल्या असतात. त्या स्वस्थ असतां दोहोंवर सुमारें अडीच व्होल्ट असतात. निरोप जातांना एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते. ऐकणारी पेटी केवळ दोहोंमधील अंतर पाहते. त्यामुळें बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला, तरी अंतर बदलत नाहीं आणि निरोप बिघडत नाहीं. तारांच्या दोन टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. म्हणून गाडी बंद करून, बॅटरीची तार काढून, दोन तारांमध्यें मल्टिमीटर धरला असतां सुमारें ६० ओहम दिसावे. १२० दिसले तर एका बाजूचा मार्ग तुटला आहे, हें दहावीच्या विद्यार्थ्यासही समांतर जोडणीच्या नियमावरून सांगतां येईल.

दोन पेट्या एकाच क्षणीं बोलूं लागल्या तर काय होतें? वर्गांत दोन मुलें एकदम उत्तर देऊं लागलीं, आणि ज्याचा हजेरीक्रमांक लहान त्यानें पुढें बोलावें, दुसऱ्यानें मुकाट्यानें थांबून मग बोलावें, असा नियम केला, तर गलका होणार नाहीं. ‘कॅन’मध्यें प्रत्येक निरोपास असा क्रमांक असतो. लहान क्रमांकाचा निरोप न अडखळतां पुढें जातो, मोठ्या क्रमांकाचा थांबतो व पुन्हां प्रयत्न करतो. म्हणून ब्रेकसारखा निकडीचा निरोप कांच खालीं करण्याच्या निरोपामागें खोळंबून राहत नाहीं.

मध्यवर्ती पेटीची खरी योग्यता अशा वेळीं दिसते. किल्लींत एक सूक्ष्म चकती असते. गाडी सुरू करतांना त्या किल्लीस बिनतारी संदेशानें एक संख्या विचारली जाते. किल्लीनें योग्य उत्तर दिलें तरच इंजिनास चालू होण्याची परवानगी मिळते. म्हणून रस्त्यावर नुसती दांते कापून घेतलेली किल्ली दार उघडते, पण गाडी चालू करीत नाहीं. टक्कर झाली तर हवेच्या पिशवीची पेटी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यांत निर्णय घेते. आणि पुष्कळ गाड्यांत तिचा निरोप ऐकून पेट्रोलचा पंप बंद होतो, दारांचीं कुलुपें उघडतात व चारी दिवे लुकलुकूं लागतात. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींस वेगाची सूचना बंधनकारक झाली. ताशीं ८० किलोमीटर ओलांडले कीं अधूनमधून आणि १२० ओलांडले कीं अखंड वाजणारी जी शिटी, ती याच निरोपांतून जन्मते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरवरून लातुरास जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर जे तरुण ती शिटी ऐकून त्रासतात, त्यांनीं ती कोणाच्या भल्यासाठीं वाजते याचा विचार करावा.

एवढी कीर्ति गाऊन झाल्यावर आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मुनीम कितीही हुशार असला, तरी त्यास स्वतःचे डोळे नाहींत. पाण्याची उष्णता सांगणाऱ्या सेन्सराचें उदाहरण घेऊं. त्याचा रोध थंडपणीं अधिक व तापल्यावर कमी असतो; २० अंशांवर साधारण अडीच हजार ओहम, आणि इंजिन पुरतें तापलें कीं कांहीं शेंकडेच. पेटी त्यास पांच व्होल्टांतून वीज देते आणि किती व्होल्ट उरले यावरून उष्णता ओळखते. आतां समजा, उंदरानें ही तार कुरतडली. वीज वाहणें बंद झालें. पेटीस पुरे पांच व्होल्ट दिसूं लागले. तिच्या कोष्टकांत त्याचा अर्थ शून्याखालीं ४० अंश किंवा त्याहूनही थंड! मे महिन्यांत नांदेडचा पारा बेचाळीस अंशांच्या पुढें गेला आहे, डांबर वितळत आहे, आणि बोनेटखालच्या मुनिमास सांगितलें जात आहे कीं बाहेर सैबेरियांतील हिंवाळा आहे. यांत मुनिमाचा काय दोष?

शहाण्या पेट्या अशा वेळीं मापाड्याच्या शब्दावर अविश्वास दाखवितात, ठरीव आंकडा गृहीत धरून पंखा अखंड चालू ठेवितात, आणि समोर ‘चेक इंजिन’चा पिंवळा दिवा लावितात. मग मिस्त्री स्टिअरिंगखालील सोळा टोंकांच्या सॉकेटास स्कॅनर लावतो आणि ‘पी ०११८’ असा संकेत वाचतो. या संकेताचा अर्थ नीट ऐकावा. ‘सेन्सर खराब आहे’ असें तो म्हणत नाहीं. ‘पेटी खराब आहे’ असें तर मुळींच म्हणत नाहीं. ‘पाण्याच्या उष्णतेच्या मार्गावर व्होल्ट प्रमाणाबाहेर अधिक आहेत’, एवढेंच तो सांगतो. ताप आहे हें थर्मामीटर सांगतो. हिंवताप कीं विषमज्वर, हें वैद्यानें शोधावयाचें असतें.

हा भेद न ओळखल्यानें माणसें कशीं नाडलीं जातात, याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर घडलें. आमचा एक जुना विद्यार्थी नांदेड व लातूर यांच्या दरम्यान भाड्याची गाडी चालवितो. गाडीवर कर्ज आहे, आणि घरीं शिकणाऱ्या दोन मुली आहेत. एका पावसाळ्यांत त्याच्या गाडीस विचित्र रोग जडला. दिवसा ती ठीक चाले. रात्रीं दिवे, वायपर व पंखा एकदम चालू झाले कीं इंजिन आचके देई, समोर तीन-चार दिवे एकदम लागत, आणि अहमदपूरच्या अलीकडे एकदां तर भर पावसांत गाडी बंद पडून उतारूंस दुसऱ्या गाडीनें जावें लागलें. त्यानें ती एका मोठ्या कार्यशाळेंत नेली. तेथें स्कॅनर लागला, संकेतांची लांब यादी निघाली, आणि पेटी गेली असून नवी बसविण्यास चाळीस हजारांहून अधिक रुपये लागतील असा निकाल मिळाला. हप्ता थकलेला होता. पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवाव्या कीं काय, हें विचारावयास तो आमच्याकडे आला.

आम्ही त्यास देगलूर नाक्याच्या बाजूस काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्र्यांकडे घेऊन गेलों. त्यांस सगळे चाचा म्हणतात. त्यांचें शालेय शिक्षण फार झालेलें नाहीं; कार्बोरेटरच्या काळांत त्यांनीं कामास आरंभ केला, आणि पुढें स्वतः विकत घेतलेल्या मल्टिमीटरवर ते नवी विद्या शिकले. त्यांनीं यादी वाचली आणि बाजूस ठेवली. “मास्तर, इतके सगळे एकदम आजारी पडत नसतात. पाणी एकच असेल, तें पाहूं,” असें म्हणून त्यांनीं इंजिन चालू करविलें, सगळे दिवे लावविले, आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी पेटीच्या अर्थिंगच्या तारेस लावली. तेथें व्होल्टचा दहावा हिस्साही दिसावयास नको होता. मीटरनें दीड व्होल्ट दाखविले. चाचांनीं बॅटरीखालचा एक बोल्ट सोडविला. गाडीच्या पत्र्याशीं जेथें अर्थिंगची तार मिळते, तेथें पांढरट-हिरवी बुरशी धरली होती. पॉलिशपेपरनें तें घासून, बोल्ट आवळून, वर ग्रीस लावण्यास अर्धा तास पुरला. मजुरी त्यांनीं तीनशें रुपये घेतली.

झालें होतें तें असें. विजेला जातांना तार लागते तशी परत येतांनाही वाट लागते. ती वाट गंजानें अरुंद झाली; दिवे व पंखे यांची वीज तींतून एकदम परत येऊं लागली कीं तेथें दाब तुंबे. ज्या शून्यावरून पेटीनें मोजावयाचें तें शून्यच दीड व्होल्ट वर सरके. पेटीस मिळणारी वीज तेवढी कमी होई, आणि ज्या भागांचें अर्थिंग दुसरीकडे होतें त्यांचे निरोप तिला चुकीचे पोंचत. बाजारांतील कांट्याची काडीच आधीं शून्यावरून सरकलेली असावी, तसा हा प्रकार. नवी पेटी बसविली असती तर ती सुद्धां त्याच बोल्टाशीं बांधली जाऊन पुढच्या पावसांत तशीच आजारी पडली असती. चाचा हात पुसतां पुसतां म्हणाले, “पेटी खोटं बोलत नाहीं, मास्तर. तिला खोटं सांगितलं जातं.”

पेट्या कधींच बिघडत नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. पाणी शिरून, डाखाचे सांधे तडकून, बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या जाऊन त्या निकामी होतात, आणि मग त्या बदलाव्याच लागतात. परंतु तो निष्कर्ष शेवटीं काढावयाचा, आरंभीं नव्हे. आधीं बॅटरी, मग फ्यूज, मग अर्थिंग, मग तारा व जोडण्या, मग सेन्सर, आणि हें सर्व निर्दोष ठरल्यावर पेटी. हा क्रम ज्यास ठाऊक आहे त्यास कोणी सहसा फसवूं शकत नाहीं.

यांत न्यायाचाही एक प्रश्न आहे. पेटीचे संकेत वाचण्याचीं साधनें व माहिती कोणाच्या हातीं असावी? ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार कंपन्यांस सुटे भाग व तपासणीचीं साधनें स्वतंत्र मिस्त्र्यांस खुलीं न ठेवल्याबद्दल दोषी धरून मोठा दंड ठोठावला. त्यावर पुढें अपिलें झालीं. पण प्रश्न लोकांसमोर आला. २४ डिसेंबर २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ सुरू केलें, आणि त्यांत शेतीच्या अवजारांबरोबर मोटारींचाही समावेश केला. कायदा दार उघडूं शकतो. आंत पाऊल टाकण्यास मात्र ज्ञान लागतें. लातूरजवळ ३१ मार्च २०१८ रोजीं रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याचा पाया घातला गेला, आणि नांदेडास १९८१ पासून गुरु गोविंदसिंगजींच्या नांवाचें अभियांत्रिकी विद्यालय आहे. नव्या आगगाड्यांच्या डब्यांतही दारें, ब्रेक व दिवे यांचा कारभार अशाच पेट्या पाहतात. तेथें आमच्या जिल्ह्यांतील मुलांमुलींनीं केवळ पेट्या वाहून नेण्याचें काम करावें, कीं त्या पेट्यांशीं बोलण्याचें, हें आज ते ओहमचा नियम पाठ करतात कीं समजून घेतात यावर पुष्कळ अंशीं अवलंबून आहे.

आमचा धंदा शिक्षकाचा असल्यामुळें चाचांचें तें वाक्य आम्हांस वर्गांतही आठवतें. एका मुलाविषयीं त्याच्या घरच्यांचें ठाम मत झालें होतें कीं त्यास गणित येणारच नाहीं. त्यास शाळेंतून काढून दुकानांत बसवावें. त्याची वही पाहिली तेव्हां असें दिसलें कीं गुणाकार सगळे बरोबर होते. फक्त फळ्यावरचे तीन त्यानें आठ म्हणून उतरविले होते. डोळे तपासले, चष्मा लागला. तो मुलगा आज अकरावींत विज्ञान शिकत आहे. मुनीम चांगलाच होता. मापाडी चुकीचा पुकारीत होता. मनुष्य म्हणजे पेटी नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि कोणासही निकामी ठरविण्यापूर्वीं त्याच्यापर्यंत काय पोंचतें आहे हें पाहावें, हा नियम दोहोंस सारखाच लागूं पडतो.

विद्यार्थिमित्रहो, चाचांनीं एका खरोखरच जळालेल्या पेटीचें झांकण काढून ती आमच्या प्रयोगशाळेस भेट दिली आहे. तिच्या हिरव्या पाटीवरील मुख्य चिप, व्होल्ट स्थिर राखणारा भाग आणि जेथें पाणी शिरून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या ती जागा नुसत्या डोळ्यांनीं दिसते. शेजारीं दोन पिळलेल्या तारा व १२० ओहमचे दोन रोधही मांडून ठेविले आहेत. ज्या मुलांमुलींस मीटर हातीं धरून स्वतः मोजून पाहावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर अवश्य यावें. मीटर एकच आहे. सबब, येतांना रांगेंत उभें राहण्याची तयारी ठेवावी.